दारातली शेगडी

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

कोल्हापूर,
ता. ४ डिसेंबर १९९६

ती. सौ. आक्कास,
सोमशेखरचा सा. नमस्कार वि. वि.

तुझे पत्र पोचले. उत्तराला उशीर झाला म्हणून फुगून बसू नकोस. शिरोलीच्या शेडमध्ये निम्मा दिवस वीज नसते आणि उरलेला निम्मा दिवस गिऱ्हाइकं डोकं खातात. घरी येऊन पाठ टेकावी तर आव्वा सुरू होते. वीरेशकडे मला कधी नेतोस, एवढं एकच तिचं चाललं आहे.

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. काचबिंदूने एक डोळा गेलाच होता, दुसराही उन्हाळ्यापर्यंत टिकेल की नाही सांगवत नाही म्हणाले. तेव्हापासून ती म्हणते की नातीचं तोंड दिसतंय तवर दाव, मग आंधळी झाली तरी चालंल की. वीरेश रेडीच्या खाणीवर नोकरीला गेला, तिथली मासे खाणाऱ्या घरातली मुलगी केली, म्हणून आप्पांनी त्याला पंगतीतून उठवलं. आप्पा गेले तेव्हा तो आला, मूठभर माती टाकली आणि पाणीसुद्धा न पिता परतीच्या एस्टीत बसला. धाकटी सून आणि नात आव्वाने अजून पाहिलेलीच नाहीत. हे तुला नवीन नाही, पण रोज ऐकून ऐकून माझ्याही तोंडात तेच येतं.

न्यायचं तरी कसं? तिची मडी, म्हणजे सोवळं, तुला माहीत आहे. आंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही, हॉटेलचा चहा नाही, लॉजवर राहणं नाही, घरच्याशिवाय कुणाच्या हातचं खाणं नाही. शेवटी मी एक जुनी मेटाडोर घेतली आणि शेडमधल्या माणसांकडून तिचं घर करून घेतलं. झोपायला बाकं, पाण्याची टाकी, पडद्याआड पूजेचा कोनाडा आणि मागच्या बाजूला गॅसची शेगडी. गल्लीत जो तो विचारतो, सर्कस कुठं चाललीया म्हणून.

तुझी भावजय महादेवी म्हणते की तुमच्या तीन भावंडांच्या भानगडीत माझी कंबर मोडणार. तिचं खरं आहे. तू येतेस का ते कळव. लोभ आहेच, तो या दमलेल्या भावावर थोडा जास्त असू दे.

तुझा,
सोमशेखर


हुपरी,
ता. ९ डिसेंबर १९९६

चि. सोमशेखर यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

मला यायला जमणार नाही रे. लगीनसराईची पैंजणं अंगावर आली आहेत. घराची भट्टी झाली आहे नुसती. घुंगरू जोडून जोडून माझे डोळे आव्वाच्या आधी जातील असं वाटतं. तुझ्या दाजींना विचारलं, चार दिवस जाऊ का, तर ते म्हणाले की जा, आल्यावर गिऱ्हाइकांच्या शिव्या तूच खा.

वीरेशच्या मुलीसाठी, भूमिकासाठी, लहान पैंजण पाठवते आहे. दाजींनी स्वतः बसून केलं आहे. ते आव्वाच्या हातूनच घालायचं, विसरू नकोस.

आता एक नीट वाच. वीरेशच्या घरी रोज मासे शिजत असणार. आव्वा तिथे जेवणार नाही, आणि ती बिचारी स्नेहल वाढायला उभी राहिली की दोघींचीही पंचाईत. एकीला नाही म्हणायची आणि दुसरीला नाही ऐकायची वेळच येऊ नये. त्याचं बोलणंसुद्धा कुणी काढायचं नाही. दारात गाडी लागली, हातपाय धुतले, की महादेवीने लगेच आपली शेगडी पेटवावी आणि आव्वाचा भात टाकावा. आपली सोय आपण केली की कुणाचा मान जात नाही आणि कुणाला त्रासही नाही. तू उगाच भावनेच्या भरात तिथे पानावर बसायचा आग्रह धरशील, म्हणून बजावते.

घाटात सावकाश. आव्वाच्या पायांवर शाल घाल. मी येत नाही म्हणून माया कमी समजू नकोस.

तुझी,
आक्का


शिरोडा,
ता. २० डिसेंबर १९९६

ती. सौ. आक्कास,
सोमशेखरचा सा. नमस्कार वि. वि.

समुद्राच्या काठी सुरूच्या झाडांखाली गाडी लावून लिहितो आहे. अजून जिवंत आहोत. आंबोलीच्या घाटात गाडी इतकी तापली की टाकीतलं निम्मं पाणी तिलाच पाजावं लागलं. आव्वाने आंघोळीच्या पाण्याची विचारणा केली तेव्हा मी डोंगराकडे बघत बसलो. शेवटी एका धनगराच्या घरून घागर आणली, तेव्हा पूजा झाली आणि दुपार कलल्यावर तिच्या पोटात अन्न गेलं. महादेवी माझ्याशी सावंतवाडीपर्यंत बोलली नाही.

वेंगुर्ल्याला सुकत घातलेल्या मासळीचा असा वास आला की महादेवीने पदर नाकाला लावला तो अजून काढलेला नाही. आव्वाने पडद्याआड अगरबत्त्यांचा धूर केला आणि आम्हालाच खोकत बाहेर पळावं लागलं. समुद्र मात्र तिने बराच वेळ ऐकला. तिला तो दिसला किती, कोण जाणे. एवढं पाणी आणि पिकाला थेंब न्हाय, मग कशाला नुसता आरडाओरडा, म्हणाली.

इथून खाणीच्या ट्रकांची रांग लागते. झाडं, घरं, कुत्री, सगळं तांबडं. शेडमध्ये जन्मभर जे लोखंड कापतो आणि जोडतो ते मातीत असताना असं दिसतं, हे मला पन्नाशी जवळ आल्यावर कळलं. वीरेश या धुळीत कसा राहतो देव जाणे. दाढी केली तर फडकं तांबडं होतं.

आव्वा पैंजणाची पुडी उशाशी घेऊन झोपते आणि मधूनच बोटांनी घुंगरं चाचपते. माझी पाठ आता माझी राहिलेली नाही. उद्या रेडीला पोचतो. तुझी सूचना लक्षात आहे, शेगडीची जबाबदारी महादेवीवर टाकली आहे. कळावे, आणि आमच्यासाठी एक उदबत्ती लाव.

तुझा,
सोमशेखर


कोल्हापूर,
ता. २४ डिसेंबर १९९६

ती. सौ. आक्कास,
सोमशेखरचा सा. नमस्कार वि. वि.

ठरल्यापेक्षा लवकर परत आलो यावरून तू ओळखलं असशील. लिहायचा कंटाळा आला आहे, पण तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

सुरुवात चांगली झाली. स्नेहल पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. भूमिका तिच्या मागे लपलेली. आव्वाने पोरीला जवळ ओढून तिचं तोंड आपल्या चांगल्या डोळ्याशी धरलं आणि कितीतरी वेळ पाहत राहिली. नाक आप्पांचं हाय, म्हणाली. स्नेहल हसली, मला वाटलं जिंकलो. वीरेश ड्युटीवरून यायचा होता. आव्वा गाडीत पूजेला बसली आणि महादेवीने ठरल्याप्रमाणे शेगडी पेटवली.

कुकरची शिट्टी झाली आणि स्नेहल बाहेर आली. पानं घेतली आहेत, सासूबाईंची पूजा झाली का, असं विचारायला आली होती. तिने पेटलेली शेगडी पाहिली. न विचारताच आत गेली ती पुन्हा बाहेर आली नाही. महादेवी मागोमाग आत गेली आणि तोंड पाडून परत आली. मी काय झालं विचारलं तर म्हणाली, आता विचारून काय उपयोग.

मग वीरेश आला, पापण्यांपर्यंत तांबडा. त्याने शेगडीकडे पाहिलं आणि मला म्हणाला की आप्पांनी मला पंगतीतून उठवलं, तुम्ही तर माझ्या दारात पंगतच बरोबर घेऊन आलात की. मी समजवायला गेलो तर अंगावर ओरडला. आव्वाने गाडीतून त्याचं ओरडणं ऐकलं. चार घास खाल्ले होते, ताट बाजूला सारून साकु म्हणाली, पुरे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच निघायला सांगितलं. पैंजणाची पुडी परत आली आहे.

घाट चढताना महादेवी बोलली. आत स्वयंपाकघर नवं सारवल्यासारखं स्वच्छ होतं, भांडी सगळी कोरी करकरीत, खिडकीत बेलाची पानं, आणि फडक्याखाली जोंधळ्याच्या भाकरी. भातखाऊ मुलखात, आक्का! ते पाहून महादेवीला तिच्या तोंडाकडे बघवेना. मी आव्वाला यातलं काही सांगितलेलं नाही. ती परत आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडून असते. ही सर्कस कुणासाठी केली होती तेच मला समजेनासं झालं आहे.

काय करायचं ते तू कर, मी दमलो. तरी तुझ्या पत्राची वाट पाहतोच.

तुझा,
सोमशेखर


रेडी,
ता. ६ जानेवारी १९९७

ती. सौ. आक्कांस,
स्नेहलचा शि. सा. नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. शेगडीची कल्पना तुमची होती आणि माझी पंचाईत होऊ नये म्हणून होती, हे तुम्ही लिहिलंत. वाचून बरं वाटलं, पण खोटं कशाला लिहू, राग अजून पुरता गेलेला नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सासूबाई येणार असं कळल्यापासून आमच्या घरात मासळी आली नाही. माझ्या आईने बांगडे पाठवले ते मी दारातूनच परत केले, ती अजून रुसली आहे. जुनी भांडी माळ्यावर टाकली आणि नवी आणली. भाकरी मला येत नव्हती. खाणीवरच्या एका ड्रायव्हरची बायको गडहिंग्लजची आहे, तिच्याकडून पीठ मागवलं आणि तिच्याकडेच शिकले. हे पीठ भारी हट्टी आहे हो, थापायला गेलं की फाटतं. वरून खाणीची धूळ. परात झाकून थापायला कुणाला जमलंय? मोडक्या भाकऱ्या तुमचा भाऊ रोज खायचा आणि एक शब्द बोलायचा नाही. मला वाटलं, आवडत नसतील. एका रात्री बघते तर डोळे पुसत होता. घर सोडल्यापासून भाकरी खाल्ली नव्हती म्हणाला.

सासूबाई आल्या त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्या भाकऱ्या गोल झाल्या. संध्याकाळी शेजारच्या गाईला घातल्या. तुमच्या भावजय, म्हणजे माझ्या जाऊबाई, फडकं उचलून बघत होत्या तेव्हा मी पाठ फिरवली. माझा त्यांच्यावर राग नाही असं त्यांना सांगा.

सासूबाई आमच्याकडे जेवल्या नसत्या तरी मी समजून घेतलं असतं. पण मला नाही म्हणण्याइतकंसुद्धा कुणी थांबलं नाही. मी विचारायच्या आतच उत्तर दारात पेटलं होतं. एवढंच लागलं.

भूमिका विचारते, नाकाला हात लावणारी आजी परत कधी येणार. मी काय सांगू? घरातल्या सर्वांस नमस्कार. धाकटी समजून सांभाळून घ्या.

आपली,
स्नेहल


हुपरी,
ता. १६ जानेवारी १९९७

चि. सौ. स्नेहल हीस आक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन मी संक्रांतीला कोल्हापूरला गेले. पैंजणं तशीच टाकून गेले, त्यावरून तुझे दाजी काय बोलले ते लिहीत नाही. सोमशेखर म्हणत होता की आव्वाला वाचून दाखवू नकोस, आणखी खचेल. आम्ही तिला न विचारता एकदा शहाणपणा केला होता, आता पुरे म्हटलं आणि तिच्या उशाशी बसून सगळं वाचलं.

ती भिंतीकडे तोंड करून होती. भाकरीचं आलं तेव्हा उठून बसली. तिथलं पुन्हा वाचायला लावलं. मग सोमशेखरला हाक मारली आणि विचारलं की दारात शेगडी पेटवा म्हणून मी सांगितलं व्हतं का? वाटंसाठी शेगडी मागितली व्हती, पोराच्या दारात न्हाय. मग जे कळलं ते ऐक. पडद्याआड पूजा करताना तिने ठरवलं होतं की आज सुनेच्या हातचं खायचं. आप्पा गेल्यावर तिला अडवणारं कोण आहे? पण पूजा आटोपते तोवर कुकरची शिट्टी झाली. तिला नीट दिसत नाही, ती समजली की तूच तिच्यासाठी रांधायला नकार दिलास, म्हणून महादेवीला गाडीत रांधावं लागलं. ते चार घास तिने कसे गिळले ते तिचं तिलाच ठाऊक. वीरेश ओरडला तोही तिला आपण आल्याचाच राग वाटला. तू तिकडे पाठ फिरवून बसलीस, ती इकडे भिंतीकडे तोंड करून पडली, आणि मधे आम्ही शहाणी माणसं!

माझ्या डोळ्याला पाणी आलं तेव्हा तिने मला गप केलं. मी म्हटलं की आव्वा, त्या घरात एरवी मासे शिजतात. तर म्हणाली, पोरीनं माझ्यासाठी आईची मासळी दारातनं परतवली, आनि कसली मडी पायजे तुला?

ती येत्या रविवारी निघते आहे. आंघोळ, पूजा कोल्हापुरातच पहाटे आटोपून. सोमशेखर सिलिंडर भरायला निघाला तर तिने त्याला थांबवलं आणि शेगडी गाडीतून उतरवून ठेवायला सांगितली. तो कुरकुरला, दिवसभराची वाट आहे, तू बाहेरचं काही खात नाहीस, महादेवीने दशम्या तरी बांधून द्याव्यात. दशम्यासुद्धा नको म्हणाली. शेगडी आता सोमशेखरच्या सोप्यात पडून आहे, येणारा-जाणारा ठेचकाळतो. पैंजणाची पुडी तिने कनवटीला लावली आहे, यावेळी परत येणार नाही.

आमचा दोघांचा आता तिला वाटेत काही खा म्हणून सांगायचा धीर होत नाही, आणि खरं म्हणजे मनही होत नाही. घाट, धूळ, ती मेटाडोर, सगळं पुन्हा तेच. मला यायला अजून जमत नाही आणि सोमशेखरची पाठ अजून दुखतेच आहे. तुझ्या आईचे बांगडे मात्र आता घे, म्हातारीला किती दिवस रुसवून ठेवशील. फक्त रविवारचा दिवस सांभाळ.

वीरेशला म्हणावं, ड्युटी बदलून घे. भाकरी पातळ थाप, आव्वाला पुढचे दात नाहीत. फाटली तरी काळजी करू नकोस. आणि माझ्यावरचा उरलेला राग अजून थोडे दिवस ठेवलास तरी चालेल, पण लोभ त्याच्याहून जास्त ठेव.

पोचायला तिन्हीसांज होईल. तोवर तिने काही खाल्लेलं नसेल.

तुझी,
आक्का