धनलक्ष्मी पुसली जात नाही

मंगळवार, बोळिंज

बाबांच्या नव्या बोटीसाठी दिशा दाखवणारी डबी मीच बनवली. तिच्या सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, रॅममध्ये, म्हणजे डबी बंद केली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत, येतच नाही. थेट रॉमवरून, म्हणजे कायमचं लिहिलेल्या चिपवरून चालतो. पण चाचणीसाठी त्यात आमच्या विकलेल्या जुन्या बोटीचं नाव घातलं होतं, ‘धनलक्ष्मी’, तेच राहिलं. आणि मी मूर्ख, दिवसभर रॅममध्ये बदलत बसले! डबी चालू केली की पुन्हा धनलक्ष्मी.

चिपच बदलते म्हटलं, तर बाबा म्हणाले, “ऱ्हाऊ दे गो. पुसत नाय ना? बरा हाय.”

बरं? ते कसं? मला तर काही कळेनाच. बोट विकली त्या दिवशी तेच नाव त्यांनी स्वतः पटाशीने फळीवरून खरवडून काढलं होतं. मला हातही लावू दिला नव्हता.