लेक लिहितीया

आई,

परवा कॉलेजात एका विद्यार्थिनीनं विचारलं, "मॅडम, घरी लिहायला जमतच नाही. कुठं बसून लिहावं?" इतकी वर्षं शिकवतेय, या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ तयार असायला हवं. पण "लायब्ररीत बस" असं काहीतरी बोलून केडगावला घरी आले. तेव्हापासून तुला लिहीन लिहीन म्हणतेय.

एम.ए.च्या शेवटच्या वर्षी मीही हेच विचारत हिंडत होते. नगरच्या लायब्ररीत बसले, तर पंख्याच्या कुरकुरीकडंच लक्ष जायचं. भिंगारला मैत्रिणीच्या खोलीवर राहिले, तिथं गप्पाच जास्त झाल्या. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या बोलीवर प्रबंध होता. टिपणांच्या तीन वह्या भरलेल्या, आणि लिहून झालेलं पान एकही नाही. शेवटी शेवगावला तुझ्याकडं आले. आपल्या दोन खोल्या, पुढच्या खोलीत खिडकीशी तुझं शिलाई मशीन. तिसऱ्या दिवशी मी ओरडले, "या खडखडाटात एक ओळ धड सुचत नाही मला!" तू पायडलवरचा पाय उचललास. "मंग आदी सांगायचं व्हतं की," म्हणालीस, आणि त्याच दुपारी शेजारच्या मावशीच्या मदतीनं मशीन तिच्या ओसरीवर नेलंस. खिडकी मला दिलीस. दिवसातलं थोडं शिवण तिकडं उरकायचीस, बाकी वेळ आत स्वयंपाकघरात हातानं काजं-बटणं करत बसायचीस. शिट्टी नको म्हणून डाळ पातेल्यात शिजवायचीस. वाजू नये म्हणून दाराच्या कडीला चिंधी बांधलीस. कुणी आलं की उंबऱ्यावरूनच परत लावायचीस, "लेक लिहितीया." आणि मला खरंच लिहिता यायला लागलं. रोज चार-पाच पानं. वाटलं, सापडलं एकदाचं.

तो मंगळवार. जेवणं झालीत, मी खिडकीशी बसलेय, प्रकरण अगदी रंगात आलंय. चारच्या सुमारास शेवटची ओळ लिहून पानं घेऊन आत येते, तुला वाचून दाखवायला. तू भिंतीला टेकून बसलीयस. ओठ निळसर, पदर घामानं भिजलेला. "झालं का लिहून?" विचारतेस. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. कुणाची तरी जीप, नगरचा दवाखाना, "दोन तास आधी आणायला हवं होतं" म्हणणारे डॉक्टर. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

दहावा झाल्यावर मावशी माझा हात धरून रडली. "तीनला आल्ते म्या मागच्या दारी. छाती दाबून बसली व्हती. म्हन्लं, हाक मारू का पोरीला? तर व्हटावर बोट ठिवलं तिनं. म्हन्ली, तिचं हुंदे, मला आपला पित्ताचा तरास. म्या ऐकाया नको व्हतं गं तिचं."

प्रबंध दिला. नेमकं तेच प्रकरण सगळ्यांना आवडलं. त्यानंतर मात्र घर शांत झालं की माझा हात थांबतो. मी उठते, स्वयंपाकघरात जाऊन बघते. कुणी नसतं. परत येऊन बसते, पुन्हा उठते. आधी नवरा विचारायचा, "कोण आहे आत?" आता विचारत नाही. टीव्ही लावून ठेवतो फक्त.

हे कागद मी कुणाला दाखवणार नाही, म्हणून लिहिते. मावशीला, मामाला, डॉक्टरांना, सगळ्यांना मी सांगितलं की मला काहीच ऐकू आलं नाही. ते खोटं होतं. अडीचच्या सुमारास आत भांडं पडलं, आणि मग तू एकदा, हळूच, मला हाक मारलीस. ती मी ऐकली. माझं वाक्य अर्ध्यावर होतं. म्हटलं, एवढं पुरं करून उठते. ते पुरं झालं, आणि मला पुढचं सुचलं.