विंचवर तुम्ही होतात

बाबा, आज मैदानावर एका मुलीच्या हातून चूक झाली आणि दिवसभर तुमची आठवण येत राहिली. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, कारण लिहायला बसले तर एकच गोष्ट लिहावी लागेल हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि ती टाळण्यात मी आता चांगली तरबेज झाले आहे. आज मात्र घरी आल्यावर चपलासुद्धा न काढता टेबलाशी बसले आहे.

मैदान अजून तिथेच आहे. तुम्ही ओळखणार नाही. तुमच्या वेळी कुंपणापलीकडे शेतं होती, आता सगळीकडून उंच इमारती उभ्या आहेत आणि बायका बाल्कनीत कपडे वाळत घालता घालता आमची ग्लायडर बघतात. विमानतळ म्हटलं की लोकांना काचेचे दरवाजे आणि ढकलगाड्या हव्या असतात. आपल्याकडे एक धावपट्टी, एक हँगर, एक कडुलिंब आणि चहाची किटली. पट्टीवर बकऱ्या अजूनही येतात. इमारती आल्या, मेट्रो आली, पण त्या बकऱ्यांना काही फरक पडला नाही. सोसायटीतला एखादा माणूस फाटकाशी येऊन विचारतो, "इथून मुंबईचं विमान मिळतं का हो?" आपला जुना वॉचमन शांतपणे सांगतो, "मिळतं की. वारा तिकडचा असला पाहिजे." हे त्याला तुम्हीच शिकवलंत, असं तो म्हणतो. तुम्ही असं काही बोलत असाल यावर माझा विश्वास बसत नाही, पण तो इतक्या कौतुकाने सांगतो की मी वाद घालत नाही.

ग्लायडरला इंजिन नसतं, हे मी आता दर रविवारी नव्या मुलांना सांगते. पट्टीच्या या टोकाला ग्लायडर, त्या टोकाला विंच, आणि मध्ये जवळजवळ किलोमीटरभर पोलादी केबल. विंच म्हणजे लॉरीचं इंजिन, पायाने दाबायचा ॲक्सिलरेटर आणि एक मोठा ड्रम. ड्रम फिरला की केबल गुंडाळली जाते आणि पतंगासारखं ग्लायडर वर चढतं. हे सांगताना मला प्रत्येक वेळी तुम्ही दिसता. जाळीच्या पिंजऱ्यात, डोक्याला टॉवेल गुंडाळून, डोळे बारीक करून पट्टीच्या दुसऱ्या टोकाकडे बघणारे. तिकडच्या माणसांचे चेहरे तुम्हाला कधी दिसले नाहीत. पण कोण कसं चढतो यावरून तुम्ही माणूस ओळखायचात. हा घाईचा, हा भित्रा, याचं घरी भांडण झालेलं दिसतंय. वीस वर्षं तुम्ही लोकांना आभाळात पाठवलंत आणि स्वतः एकदाही वर गेला नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचात, "मी वर गेलो तर मले ओढन कोन?"

मला उडायला शिकवायचं तुमच्याच डोक्यात आलं. आईला ते खूळ वाटायचं. तिकडे वऱ्हाडातल्या आपल्या गावी विमान म्हणजे वर बघायची गोष्ट, आणि इकडे तुम्ही कर्वेनगरच्या दोन खोल्यांमधल्या स्वयंपाकघरात मला पाटावर बसवून हातात लाटणं द्यायचात. लाटणं म्हणजे ग्लायडर वळवायचा दांडा. डाव्या हाताशी जमिनीवर ठेवलेलं उलथनं म्हणजे ब्रेकचा दांडा. ग्लायडरच्या पंखांतून दोन फळ्या बाहेर निघतात, उतरताना त्या उघडायच्या म्हणजे ते खाली बसतं. वर चढताना त्या बंद हव्यात, नुसत्या बंद नाही, दांडा पुढे ढकलून खटका बसलेला हवा. उडण्याआधी करायच्या तपासण्या तुम्ही माझ्याकडून एकेक करून म्हणून घ्यायचात. आई पोळ्या लाटायची खोळंबलेली असायची, लाटणं माझ्याकडे. एकदा मी कंटाळून म्हणाले, "बसला खटका, समजा." तुम्ही कधी आवाज चढवत नव्हतात. त्या दिवशी चढवलात. "समजा? वरतं गेल्यावर कोनाले सांगशीन, समजा म्हणून?" मी रुसले, जेवले नाही. तुम्ही पण जेवला नाहीत, हे मला दुसऱ्या दिवशी आईने सांगितलं.

आणि सकाळ. सकाळी सहाला तुम्ही बुद्धांच्या तसबिरीपुढे उभे राहून पंचशील म्हणायचात, मोठ्याने, स्पष्ट, एकेका शीलानंतर श्वास घेऊन. मला अंथरुणात पडल्यापडल्या ते पाठ झालं. जिवाला मारणार नाही, न दिलेलं घेणार नाही, असं करत चौथं यायचं, खोटं बोलणार नाही. तेवढ्यात आईच्या चहाला उकळी आलेली असायची. मग पाचवं, मग चहा, मग स्वारगेटला बस बदलून मैदान. तुम्ही खोटं बोलत नव्हतात, बाबा. रजा हवी असली तरी साहेबाला पोट दुखतंय असं सांगायचा नाहीत. "कंटाळा आला" म्हणायचात, आणि रजा मिळायची नाही.

ती दुपार मला पाठ आहे. मी एकोणीस वर्षांची, एकटीने उडण्याची तिसरी वेळ. वारा पश्चिमेचा, म्हणजे तोंड सूर्याकडे. समोर पट्टीच्या टोकाला, त्या उजेडात कुठेतरी, विंच. विंचवर तुम्ही. मी बेल्ट लावला, काच बंद केली, तपासण्या म्हणायला सुरुवात केली आणि मध्येच माझं लक्ष तिकडे गेलं. आज बाबा बघताहेत, आज झकास चढायचं, एवढंच डोक्यात होतं. ब्रेकचा दांडा मी पुढे केला होता. खटका बसला का हे पाहिलं नाही. अंगठा वर केला. पंख धरलेला मुलगा दोन पावलं धावला, आणि केबलीने मला ओढलं.

ग्लायडर चढेचना. जड, जणू मागून कुणी धरून ठेवलंय. मला वाटलं, विंच कमी पडतोय. खरंच वाटलं, बाबा, त्या क्षणी. मग वेगाचा काटा खाली जायला लागला, मी घाबरून केबल सोडली आणि समोरच्या गवतात आपटले. ग्लायडरच्या पोटाखालची लाकडी घसरपट्टी मोडली, मला फक्त मुका मार. डाव्या हाताला पाहिलं तर दांडा पार मागे आलेला होता. खटका बसलाच नव्हता. वेग आल्याबरोबर फळ्या आपोआप उघडल्या होत्या.

विंच तिथून शंभर पावलांवर. सगळ्यांच्या आधी तुम्ही पोहोचलात, टॉवेल वाटेत कुठेतरी पडलेला. काच उघडून पहिलं विचारलंत, "लागलं का माय?" मी नाही म्हणून मान हलवली. मग तुमची नजर त्या दांड्यावर गेली. तुम्हाला ते बघायचीही गरज नव्हती. ऊन तुमच्या पाठीमागून माझ्यावर पडत होतं. फळ्या चमकताना तुम्ही पाहिल्या असणारच. पलीकडच्या लोकांच्या डोळ्यांवर ऊन होतं, त्यांना काहीच दिसलं नाही. आणि जमिनीवर आलेल्या ग्लायडरचे ब्रेक उघडे असतातच, त्यात कुणाला संशय येण्यासारखं काही नव्हतं.

जीप आली. मोठे सर, आमचे मुख्य प्रशिक्षक, उतरले. ते अस्सल पुणेरी, शिवी न देता माणसाचा पाणउतारा करणारे. "काय बाई, आपल्याला आभाळात जायचं होतं की गवतात?" मागे सगळी पोरं उभी. माझ्या तोंडून निघालं, "सर, विंच कमी पडला. ओढच आली नाही."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागाने पाहिलं असतंत तर बरं झालं असतं. लहानपणी मी पडले की कुठे लागलंय हे शोधायला पाहायचात, तसं पाहिलंत. मग सरांकडे वळून म्हणालात, "हो साहेब. माझा पाय सैल पडला."

तेवढंच. मला एक वाक्य बोलायचं होतं, सर, तसं नाही. ते वाक्य माझ्या तोंडात होतं आणि मी ते गिळलं. मला वाटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी वाटलं, उद्या. त्या रात्री जेवताना तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, "उद्यापासून तपासण्या मोठ्यानं म्हणत जाय." मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तुमचा आवाज आला. पहिलं शील, दुसरं, तिसरं. मग नुसता श्वास घेतल्याचं ऐकू आलं. आणि मग पाचवं. आईने चहा गाळता गाळता विचारलं, "इसरले का जी?" तुम्ही म्हणालात, "नाही."

त्यानंतर तुम्ही ते कधीच म्हटलं नाहीत. सात वर्षं, शेवटच्या आजारपणापर्यंत, रोज सकाळी तेवढी जागा रिकामी. आईला वाटलं वय झालं. मी अंथरुणात पडून ती जागा येण्याची वाट बघायचे आणि कानावर चादर ओढायचे.

विंच तुमच्याकडून काढून घेतला. फाटकावर बसवलं. गवत कापायचं, बकऱ्या हाकलायच्या, कुत्री पट्टीवर येऊ द्यायची नाहीत. नवा विंचवाला हिसका देऊन ओढायचा, पोरं म्हणायची, काकांसारखं कुणी नाही, रेशमासारखं उचलायचे; आणि मग कुणीतरी हळूच, "पण शेवटी पोरीलाच पाडलं." मी तिथेच उभी असायचे. मी शिकत गेले, परीक्षा दिल्या, शिकवायला लागले. माझी पहिली नेमणूक झाली त्या दिवशी तुम्ही फाटकाशी मला सलाम ठोकलात, गमतीने, बकऱ्या हाकलायच्या काठीसकट. त्या दिवशी मी तुम्हाला वर नेऊ शकले असते. ओढायला आता दुसरा माणूस होता, तुमची सबब संपली होती. मी विचारलं नाही. दोघंच त्या एवढ्याशा जागेत, तुम्ही पुढे, मी मागे, आणि खटका लावायची वेळ आल्यावर मी काय केलं असतं?

आजची मुलगी वीस वर्षांची आहे, आयटीवाल्यांच्या घरातली, भरभर बोलते, तपासण्याही भरभर म्हणते. तिचे ब्रेक उघडले ते मी खालून पाहिलं. आता आमच्याकडे रेडिओ आहे. मी ओरडले, "ब्रेक बंद कर, पुढे ढकल," आणि तिने ऐकलं, नीट उतरली. मी धावत गेले तोवर ती काच उघडून खाली उभी होती. सगळ्यांच्या देखत, मी काही विचारायच्या आत म्हणाली, "मॅम, माझीच मिस्टेक. ब्रेक्स लॉकच नव्हते केले मी. विंचवाल्या दादांना कोणी काही बोलू नका, त्यांनी एकदम परफेक्ट ओढलं होतं." आणि रडायला लागली.

किती सोपं होतं, बाबा. मोजून तीन वाक्यं. कुणाचं काहीच बिघडलं नाही. विंचवाल्याने लांबून हात हलवला आणि परत आपल्या पिंजऱ्यात जाऊन बसला.

अहवाल लिहायला मी ऑफिसातलं कपाट उघडलं. त्याची किल्ली आता माझ्याकडे असते. नव्या वहीच्या खाली जुन्या वह्या आहेत. आपलं पान मला शोधावं लागलं नाही, वही तिथेच उघडते. "विंचचालकाच्या हलगर्जीपणामुळे." खाली तुमची सही, एकेक अक्षर सुटं, काळजीपूर्वक, शाळेत गिरवल्यासारखी. शेजारी समासात भरपूर जागा आहे. पेन हातातच होतं. मी आजचा अहवाल लिहिला आणि कपाट बंद केलं.

बाहेर कडुलिंबाखाली ती मुलगी बसली होती. मी तिला चहा दिला. तुम्ही द्यायचात तसं बशीत ओतून दिला, तर ती बशीकडे बघतच राहिली. मग थोडी सावरली आणि तिने विचारलं, "मॅम, तुमच्याकडून कधी असं झालंय?" तिला फक्त हो ऐकायचं होतं. तेवढ्याने तिला आज झोप लागली असती.

हे पत्र पाठवायला कुठे पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं, कारण पुढचं वाक्य तुम्ही वाचलेलं मला सोसणार नाही. मी तिला म्हणाले, "नाही."