उचकी कुणाच्या आठवणीची

११ नोव्हेंबर
पुन्हा लागली. मला नाही, आतल्याला.
स्टाफरूममध्ये दहावी ब च्या वह्या तपासत होते. पोटात बारीक ठोका. जरा थांबून दुसरा, मग तिसरा. लाथ नव्हे, लाथ आता ओळखता येते. हे लयीत. घाबरून डॉक्टरबाईंना फोन केला तर त्या हसल्याच. "उचकी आहे हो बाळाची. चांगलं लक्षण. लागू दे रोज."
पाण्यात बुडालेल्या जिवाला उचकी! हवा नाही, घास नाही, ठसका नाही, आणि उचकी. इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवते, हे माहीत नव्हतं.
सलीम हिंजवडीहून आला तोवर थांबली होती. पोटाला कान लावून बसला आणि तसाच झोपला, बूटसुद्धा न काढता.

१३ नोव्हेंबर
अब्बांना सांगितलं. अम्मी गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात, कोंढव्यात. उर्दू शाळेतले निवृत्त मास्तर. चिडवायचं असलं की मराठीत बोलतात, रागावले की उर्दूत. आज मराठीत.
"उचकी? मग कोण आठवण काढतंय त्याची? अजून कुणाशी ओळख ना पाळख."
हसले मी. पण पीएमटीत बसल्यावर तेच डोक्यात. ज्याला अजून कुणी पाहिलंच नाही त्याची आठवण कोण काढणार? फातिमानगरला उतरायचं राहिलं, पुढच्या स्टॉपवरून चालत मागे आले.

१७ नोव्हेंबर
ग्रंथालयात जुन्या विज्ञान मासिकांचा गठ्ठा चाळला. सापडलं.
उचकी म्हणजे एकदम आत ओढलेला श्वास आणि लगेच घशाची झडप बंद. आपल्याला याचा उपयोग काहीच नाही. बेडकाच्या पिल्लाला आहे. त्याला कल्लेही असतात, फुप्फुसंही. पाणी तोंडात घेतलं की ते फुप्फुसात जाऊ नये म्हणून घसा झटक्यात मिटायचा. तीच हालचाल आपल्यात राहून गेली असावी. असावी. हा एक अंदाज आहे, सगळ्यांना पटलेला नाही, असंही खाली लिहिलंय.
मासिक मिटलं. खिडकीबाहेर मुली लंगडी खेळत होत्या. त्यांच्यातल्या प्रत्येकीच्या घशात एक तळं आहे, असं वाटायला लागलं. शिपाई दार लावायला आला तेव्हा उठले.

१८ नोव्हेंबर
चहाच्या वेळी जोशीबाईंना सांगितलं. त्या संस्कृत शिकवतात. डबा उघडता उघडता म्हणाल्या, "आमच्याकडे पहिला अवतारच मासा. तुमच्या शास्त्राला आत्ता कळलं."
"मग उचकीबद्दल काय लिहिलंय?"
"उचकीवर साखर खावी."
आणि खरंच चिमूटभर साखर पुढे केली. खाल्ली.

२१ नोव्हेंबर
उत्क्रांतीचा धडा संपवला. तास सुटताना तबस्सुम उभी राहिली. "मॅडम, घरी सांगतात आदमला मातीतून बनवलं. परीक्षेत काय लिहू?"
पुस्तकातलं लिही, म्हटलं.
"आणि खरं काय?"
घंटा झाली. घंटेचे उपकार मानावेत का, कळेना. तबस्सुमला उत्तर द्यायचं आहे.

२२ नोव्हेंबर
संध्याकाळी अब्बांना बेडकाचं सांगितलं. कॉलेजात असल्यापासून आमचं यावरून वाजत आलंय. तेव्हा ते दोन दिवस उर्दूतच बोलले होते. आज नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माकड नको म्हणत होतो, तर तू बेडकावर नेलंस."
सलीम इतका हसला की त्यालाच उचकी लागली.

२९ नोव्हेंबर
हे लिहावं की नाही. लिहिते.
गेल्या वेळी पाचवा महिना संपत आला होता. हालचाल बंद झाली आणि मला कळलंच नाही. मी हॉस्पिटलमध्ये असतानाच अब्बा आणि सलीम कब्रस्तानात जाऊन आले. चार महिन्यांनंतर रूह फुंकली जाते अशी अब्बांची श्रद्धा, म्हणून नाव ठेवून दफन केलं. काय ठेवलं ते मी विचारलं नाही. मला सांगू नका, म्हटलं होतं. त्यांनीही सांगितलं नाही. मुलगी होती एवढं माहीत होतं.
म्हणून या उचकीची मी रोज वाट बघते. आली की तो दिवस माझा. डॉक्टरबाई सगळं ठीक आहे म्हणतात. तेव्हाही सगळं ठीकच होतं.

६ डिसेंबर
आज उचकी लांबली. थांबेना. मी दिवाणावर, अब्बा समोर पेरू कापत बसलेले. म्हणाले, नावं घेऊन बघू. आम्ही लहानपणी असंच करायचो. ज्याच्या नावाला उचकी थांबेल तो आठवण काढतोय.
"सलीम." नाही. तो बहुतेक हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये पुढच्या ड्रायव्हरची आठवण काढत असणार.
"तुझी अम्मी." नाही. मला वाटलं होतं अम्मीला थांबेल. वाईट वाटलं, मग वाईट वाटल्याचं हसू आलं.
"माझी दादी." नाही.
मग अब्बांनी सुरी खाली ठेवली. हळूच म्हणाले, "रेहाना."
थांबली.
रेहाना कोण, म्हणून विचारणार होते. त्यांचं तोंड पाहिलं आणि कळलं.
पेरूच्या फोडी तशाच राहिल्या. 

७ डिसेंबर
उचकी कधी ना कधी थांबतेच. त्या क्षणी जे नाव तोंडात असेल त्याला श्रेय. हा साधा योगायोग, मी मुलींना वर्गात शिकवते.
रेहाना. छान नाव आहे. मला सुचलं नसतं.

१५ डिसेंबर
सलीमला विचारलं. त्याला नाव माहीत होतं. "तू म्हणालीस सांगू नको, म्हणून." मग बराच वेळ माझे केस विंचरत बसला. त्याला काही जमत नाही. गुंता वाढवला.

१९ डिसेंबर
आजपासून रजा. थंडी मस्त पडलीये. गॅलरीत ऊन येतं तिथे अब्बा आणि मी खुर्च्या टाकून बसतो.
मला वाटत होतं, अब्बाही आता म्हणतील की पाण्यातून जीव निर्माण केला असं आमच्या किताबात आहेच. नमाजनंतर त्यांचे मित्र म्हणतातच तसं. मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण त्यांनी निराळंच विचारलं.
"ते बेडकाचं. ती आठवण आहे का?"
नाही हो अब्बा. शरीर काही आठवत बसत नाही. जुनं होतं, त्रास देत नव्हतं, म्हणून निघून गेलं नाही. राहून गेलं, एवढंच.
ते समोरच्या टाकीवरच्या कबुतरांकडे बघत म्हणाले,
"मग आठवण म्हणजे दुसरं काय असतं, शमीम?"


२० डिसेंबर
दुपारी डोळा लागला. स्वप्नात कोमट पाणी, हिरवट उजेड. काठ दिसत होता, पण कुणालाच तिकडे जायची घाई नव्हती. मासे होते, बेडूक होते, दादी होती, अम्मी पदर खोचून पाण्यात उभी. सगळे एका लयीत हलत होते. एक लहान मुलगी माझ्याकडे पाठ करून. मी हाक मारली नाही, आज नाव माहीत असूनही. बरं वाटत होतं, म्हणून.
जागी झाले तर पोटात तीच लय चाललेली. किती जुनी चाल ही! डोंगर झाले, मोडले, गावं वसली, अजान झाली, आरत्या झाल्या, आणि हे आपलं चाललंच आहे. मला एकदम सगळ्यांचं फार प्रेम आलं, जोशीबाईंचंसुद्धा.
तबस्सुमला काय सांगायचं ते थोडं कळल्यासारखं वाटतंय. मातीतून की पाण्यातून, यावर भांडत बसू नकोस. आधी आश्चर्य वाटू दे. मग पुरावा शोध, ज्याला तो मिळेल ते खरं मान. पण आश्चर्य

(इथे दूधवाला आला. राहिलं ते राहिलं.)

२ जानेवारी
काल उचकी नाही. आजही नाही. लाथही नीट जाणवली नाही. गोड खाल्लं, थंड पाणी प्यायले, कुशीवर झोपून पाहिलं. सकाळी सलीमने ऑफिसला फोन केला, निघालो. जिना उतरताना अब्बा वरून बघत होते, टोपी हातात.
डॉक्टरबाई आज हसल्या नाहीत. पट्टा लावून ठोके ऐकवले. आहेत. पण जरा मंद, म्हणाल्या. "आज इथेच राहा. संध्याकाळी पुन्हा बघू, मग ठरवू."
मला फार भीती वाटतेय. हे कुणाला सांगितलं नाही, इथेच लिहिते.

२ जानेवारी, दिवेलागण
पट्टा काढून ठेवलाय. नर्स म्हणाली, थोड्या वेळाने परत लावू. सलीम खाली औषधं आणायला गेलाय. खोलीत मी एकटी.
अब्बांचा फोन. "लागली का?"
नाही.
"थांब. मी बसतो."
कशाला बसताय?
"आठवण काढायला."
अहो, पण त्याला अजून नावसुद्धा नाही. कुणाची काढणार?
"तू अम्मीच्या पोटात होतीस तेव्हा तुला तरी कुठे होतं," म्हणाले आणि फोन ठेवला.
विज्ञान शिकवते मी. तरी लिहिते: रेहाना, अब्बांचं पोचत नसेल तर तू काढ गं. तुझ्या नावाला थांबली होती ना, मग तुझ्या नावाने सुरूही होईल.
वाट बघतेय. हात पोटावर.
लागली.
मला!
अब्बा, पत्ता चुकला. हसू येतंय, रडूही येतंय. दर उचकीला सगळं पोट हिंदकळतंय, अक्षर बघा कसं झालंय. माझी एक, मग जरा शांत, मग माझी. आणि आत्ता, मधल्या वेळात, काहीतरी हललं. माझंच की आतलं? पुन्हा. नाही सांगता येत.
श्वास रोखून धरते. माझी थांबली की कळेल.