सुसाट पळणारा मला द्या

प्रिय नितीन,

आज तुझा तेरावा. तुझ्या घरून जेवून आत्ताच आलो. तिथे तुझ्या लेकीने, स्वराने, मला एक प्रश्न विचारला आणि मी तिच्याशी धडधडीत खोटं बोललो. तेव्हापासून स्वतःची किळस येतेय. हे आधी तुलाच सांगायला हवं.

अमेरिकन फुटबॉल मला तूच शिकवलास. इथे सिंगापुरात, बुओना व्हिस्टाच्या हॉकर सेंटरमध्ये नाश्ता करताना, सोमवारी ऑफिसच्या आधी. तिकडची रविवारची मॅच इकडे तेव्हा लाइव्ह असायची. चिलीसॉसच्या बाटलीला फोन टेकवून तू सांगायचास, "चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. चेंडू पोटाशी धरून पळतो तो रनिंग बॅक. त्यांची एक जात धडक मारणारी, दुसरी सुसाट पळणारी."

मला सुसाट आवडायचे. सात वेळा जागच्या जागी आडवे होतील, पण आठव्या वेळी फट सापडली की थेट सत्तर यार्ड. तुला मात्र तिघांना अंगावर घेऊन अडीच यार्ड काढणारा हवा.

"सात वेळा आडवे झाल्यावर निस्तरतं कोण रे?" तू विचारायचास.

"तुझे धडक मारणारे तिशीच्या आत संपतात त्याचं काय?"

"संपत नाहीत. वापरून टाकून देतात त्यांना." हे म्हणताना तू कधी हसला नाहीस.

मग ऑफिसात आपण आठ जणांनी लीग काढली. ॲपवर खरे खेळाडू निवडायचे, ते मैदानात खेळतील तसे आपल्याला गुण. यंदा निवडीत तुझा नंबर माझ्या आधी आला आणि तू मुद्दाम माझा लाडका सुसाट उचललास. "तू किती चडफडतोस ते बघायचंय," म्हणालास. मी चडफडलोच. तीन आठवडे तुझ्याशी तिरसटासारखा वागलो. चौथ्या आठवड्यात तुझं हृदय बंद पडलं. थोडं थांबला असतास तर?

स्मशानातून परत येताना बसमध्ये कौस्तुभ, आपली लीग चालवणारा, माझ्या पुढच्या सीटवर मान खाली घालून बसला होता. रडतोय असं वाटून मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यात माझा फोन थरथरला. ग्रुपवर त्याचाच मेसेज होता: "नितीनचे प्लेअर्स कोणाला हवेत?"

तुझ्या अस्थीसुद्धा अजून हातात आल्या नव्हत्या. पाच मिनिटांत वाटणी झाली. एकाने "सॉलिड माणूस होता" असं लिहून त्याच ओळीत हव्या त्या खेळाडूचं नाव टाकलं. ऐकून शिसारी येते ना? मग पहिला मेसेज कोणाचा होता तेही ऐक. माझा. सुसाट पळणारा मला द्या.

तुझ्या धडक मारणाऱ्याला कोणी विचारलंही नाही. त्याचा गुडघा दुखावलाय.

आज जेवताना स्वरा शेजारी येऊन बसली आणि तिच्या त्या सिंगापुरी मिश्र बोलीत म्हणाली, "काका, पप्पाची टीम एम्प्टी आहे ला. हू टुक?" तेरा वर्षांची पोर तुझ्या फोनवर तुझी टीम शोधत होती.

"माहीत नाही गं," मी म्हणालो. आणि वर वहिनींनी लिटिल इंडियातून आणलेली जिलबी खाल्ली. दोन खाल्ल्या.

घरी येऊन तो खेळाडू सोडून दिला, लीगमधून बाहेर पडलो. कौस्तुभने फोन करून विचारलं, "अरे, गेमच आहे ना?" त्याला काय बोलणार? त्याने नुसतं विचारलं होतं, हात मी पुढे केला होता. आणि बाहेर पडणं तरी काय अवघड होतं? बटण दाबायचं, समोर कोणी नाही.

उद्या शनिवार आहे, स्वरा घरी असेल. मी येतोय. खेळाडू मागणारा पहिला मीच होतो आणि आज तिच्याशी खोटं बोललो, हे तिला समोर बसून सांगणार आहे. वहिनी ऐकत असल्या तरी सांगणार आहे. ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही तर तो तिचा हक्क. तिला समजावत बसणार नाही, एवढं वचन देतो.

तुझा,
मकरंद