मागच्या सीटवर जागा नाही

प्रिय अक्का,

काल गगनबावड्याच्या रस्त्यावर कुसुमने तुला एक शब्द दिला. तो तू धरून बसू नयेस, म्हणून सकाळी उठल्या उठल्या हे लिहायला घेतलं. कुसुम म्हणजे माझी बायको. तू गेल्यावर वर्षाने लग्न झालं. तुमची भेट राहूनच गेली.

फटफटी चालवणं लोकांना फार सोपं वाटतं. क्लच, गिअर, ब्रेक, झालं! तुला मागे बसवून राजारामपुरीतून एक चक्कर मारून बघा म्हणावं! लुगड्यामुळे तू एका अंगाला बसायचीस, दोन्ही पाय डावीकडे. सगळा भार तिकडे. गाडी सरळ ठेवायला मला उजवीकडे कलावं लागायचं. त्यात वळण आलं की तू भिऊन हटकून उलटी झुकणार आणि वर मलाच ओरडणार, "बाळ्या, पाडतोस की रं मला!"

किती वर्षं तुला असं शाळेवर शिकवायला सोडलं गं! माझ्या अंगाला ती सवयच लागली. तू दुखण्याने गेलीस, सीट रिकामी झाली, तरी मी कललेलाच. पण मग गाडी उजवीकडे का जात नव्हती? मागे कुणी नाही, मी एका बाजूला कललेला, आणि गाडी मात्र सरळ चालायची. हे मी कुणाला सांगितलं नाही.

लग्नानंतर कुसुम दोनदा बसली आणि दोन्ही वेळा घसरून खाली आली. "मागं जागाच न्हाई वो!" म्हणाली, आणि बसणंच सोडलं. मी हसण्यावारी नेलं.

तू गेल्यावर मागचे दोन्ही शॉकप नवे टाकले होते. परवा रफीकभाई मिस्त्रींनी गाडी वाकून बघितली.

"घरातली मंडळी लई फिरत्यात वाटतं गाडीवर?"

"छे, एकटाच असतो."

"मग ही डावी स्प्रिंग कशी बसली ओ? बाईमाणूस एका अंगाला बसल्याबिगर अशी बसत न्हाई."

काल एसटी चुकली. कुसुमला दिवस गेलेत, ते तिच्या माहेरी सांगायचं होतं. म्हणून तिला मागे घेतलं. चढाला लागलो आणि धुकं उतरलं. भर दुपारी पुढचा रस्ता दिसेना. गाडी डावीकडे ओढायला लागली, दरीच्या कडेला. मी सगळं अंग उजवीकडे टाकलं, तरी आवरेना. दोघींना कसं पेलायचं, अक्का?

कुसुम ओरडली, "वन्संनी अडवलंय! लग्नात दार अडवाय कोण नव्हतं नव्हं, त्याचंच हे!"

खरंच नव्हतं कुणी. नवी नवरी घेऊन मी उंबऱ्याशी आलो, तेव्हा बहीण म्हणून आडवं उभं राहायला, 'लेक देणार का?' विचारायला तू कुठे होतीस? आम्ही सरळ आत गेलो. आणि तू तर मागे बसून नेहमी म्हणायचीस, "दार अडवीन आन तुझी पयली लेक मागीन. मला कुठं लेकरू हाय? मलाच दे."

त्या धुक्यात कुसुम बोलून गेली, "देतो की! लेक झाली तर तुमची. सोडा आता!"

गाडी सरळ झाली.

"बघा, सरकल्या वन्सं!" कुसुम खळखळून हसली. मला हसू आलं नाही. कुणीतरी माझा खांदा थोपटला, शाळेपाशी उतरताना तू थोपटायचीस तसा. कुसुमने दोन्ही हातांनी सीटचा पट्टा धरला होता.

तू उतरलीस. पण कुठे जायला उतरलीस, अक्का? कुणाची वाट बघायला?

दार अडवणारीला शब्द देतात तो चेष्टेने. ती बहीण दुसऱ्या मिनिटाला विसरून जेवायला बसते. तू कशी विसरणार? कुसुम आत चहा करते आहे, गुणगुणते आहे. तिला यातलं काही कळू द्यायचं नाही मला.

तू मला वाढवलंस. तुझा मान द्यायचा राहिला, हेही खरं. तो दुसऱ्या कशाने घे. परत ये, मागे बस. त्या सीटवर मी कुणालाच बसवणार नाही. कुसुमला नाही, लेकीलाही नाही. त्या दोघी सिटी बसने जातील. हातात बळ आहे तोवर तुला घेऊन फिरेन, म्हणशील तिथे.

लेक मात्र आमच्यापाशी राहू दे.

तुझा,
बाळू