चाळीस कढया, सगळ्या रोहिणीच्या

बारामती, १२ नोव्हेंबर १९९६

चि. रोहिणी,

तुला आशीर्वाद, मल्हाररावांना नमस्कार आणि तुझ्या गुडघ्यांची चौकशी. कळसला आपल्या घरी पिठलं झालं की खरवडीवरून आपण भांडायचो आणि आई उलथन्याने कढईत मधोमध रेघ ओढायची, आठवतं? (माझी बाजू जरा मोठी असायची. तू लहान होतीस, तुला कळलं नाही.)

तीच कढई. नरसिंहपूरच्या पंगतीत ती बदलली गेली, असं मी तुला बासष्ट साली सांगितलं होतं. कॉन्व्हेंटात सिस्टर शिकवायच्या, कबुली आधी, कारणं मागून. तर ती बदलली नव्हती. माझ्या ओट्याखाली होती.

आता कारणं. आमच्या महिला मंडळाने बिडाची भांडी काढायचं ठरवलं आणि घाट आपल्या भागातला हवा म्हणून काम माझ्या गळ्यात घातलं. आठ दिवस कागदावर कढया काढल्या, सगळ्या घंगाळासारख्या दिसायच्या. आबांनी गुऱ्हाळातल्या फुटक्या काहिलीच्या पत्र्यातून ठोकून घेतलेल्या कढईचा घाट कुठून आणू? शेवटी कान तेवढे मेण लावून जाड केले आणि तीच नमुना म्हणून ओतकामाला दिली. संभाजी मिस्त्री फार नीटस माणूस. साच्याआधी त्याने तिची तीस-पस्तीस वर्षांची काजळी खरवडली. चाळीस कढया निवल्यावर मला बोलावलं. प्रत्येकीच्या काठावर अक्षरं : चि. रोहिणीस आईकडून. पंगतीत बदलू नये म्हणूनच आईने तुझ्या लग्नात घातलेलं तुझं नाव मी साफ विसरले होते.

"कढईवर हाय ते वाळूत, वाळूत ते बिडात," मिस्त्री म्हणाला. "चोरीचा माल हाय व्हय, बाई?"

मी म्हटलं, नक्षी आहे.

मंडळाच्या केसरबाई म्हणाल्या, "मग घासून टाका की." त्याने पहिली कढई ग्राइंडरखाली धरलीसुद्धा. मला पाहवेना. आईला सहीपलीकडे लिहिता येत नव्हतं. ही एवढी अक्षरं ती गिरवून शिकली आणि कोळशाने काठावर काढून लोहाराला कोरायला दिली. 'णी' अजून वाकडं आहे. मी ग्राइंडर बंद करायला लावला. माझ्या लग्नात तिने असं काही केलं नव्हतं. (तक्रार नाही. बरं, आहे.)

तर वाटणी अशी. मूळ कढई तुझी, माझा सोमनाथ जीपमधून घेऊन येतो आहे. नव्यांतली एक तुझ्या नातीला, छकुलीला. एक मिस्त्रीच्या घरी. एक मला, म्हणजे रोज तुझं नाव घासत बसेन. बाकीच्या मंडळाच्या रविवारच्या प्रदर्शनात.

तुझी अक्का

ता. क. रोहिणी कोण, असं विचारणाऱ्यांना केसरबाई "आमच्या कलाकार" म्हणून सांगतात. रविवारी चांगलं लुगडं नेसून ये. बोलू नकोस, नुसती बस.

ता. क. २ आईने जाण्याआधी माझ्यासाठी तुझ्याकडे दिलेला तवा, जो कऱ्हेच्या पाण्यात वाहून गेला असं तू म्हणतेस (लोखंडाचा तवा), त्याच्या काठाची काजळी खरवडून बघ. काही अक्षरं निघाली तर सोमनाथकडे देऊ नकोस. मी स्वतः न्यायला येईन.